शून्य ते दहा

बोगद्याला तोंडं दोन, कान एकही नाही.
म्हणून तो कुणाचं ऐकत नाही, नुसता बोलतो —
हे वाक्य माझं नाही, एर्सिलियाबाईंचं.
मी फक्त तिपाई घेऊन आलो होतो,
वर मायक्रोफोन, त्याला काळी फोमची टोपी,
आणि एक फॉर्म.

लिगुरियाचा हा डोंगर समुद्राला इतका लगटून उभा
की रस्त्याला जमिनीवर जागाच मिळाली नाही:
पुलावरून बोगद्यात, बोगद्यातून पुलावर,
सुईसारखा आत-बाहेर.
टाका जिथे वर येतो, तिथे हे घर.
अंगणात पर्सिमनचं झाड, पानं गळालेली, फळं तशीच,
आणि साठ मीटर खाली ते काळं अर्धगोल.

ट्रक दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो.
आत भिंती तो एकमेकींना सांगत सांगत वाढवतात,
गावात बातमी वाढते तसा,
आणि तोंडाशी आला की सगळाच्या सगळा ओकून टाकतात.
मग पुलाच्या सांध्यावर ठक्-ठक्.
मग पुढचा.

"हा रिकामा," बाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, घेवडा सोलत.
"साखळ्या वाजतायत.
हा भरलेला. संगमरवर असणार, तो खालच्या पट्टीत येतो.
पहाटे चारला मासळीवाला; त्याला घाई.
शनिवारी पोरं आत शिरून हॉर्न दाबतात,
स्वतःचाच आवाज ऐकायला. दाबू देत. वय आहे."

मी आकडा लिहिला: चौऱ्याहत्तर.
मग फॉर्मवरचा प्रश्न वाचला:
आवाजाचा त्रास किती? शून्य ते दहा.

त्यांनी शेंग खाली ठेवली.
"दोघांचा मिळून सांगू, की माझा एकटीचा?"

देल्फिनो, त्यांचे यजमान, याच बोगद्यात सुरुंग लावायचे.
डोंगर आरपार झाला त्या वर्षी
त्यांचा डावा कान गेला, मागोमाग उजवा.
भरपाईच्या पैशांत हे घर घेतलं, स्वस्तात,
कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं.
"मला विचारलं नाही.
विचारलं असतं तरी माझं उत्तर त्यांना ऐकू कुठे येणार?"
त्या हसल्या. विनोद जुना होता,
हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

रात्री ते खिडकीच्या काचेवर तळवा ठेवून बसायचे,
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
काच थरथरली की बोट वर: एक. दोन.
स्वयंपाकघरातून बाई मान हलवायच्या. बरोबर.
बेचाळीस वर्षं.
भांडणंसुद्धा त्या काचेवरच मिटली.

फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.
मी पाच लिहिलं. मग खोडलं.

वसंतात बोगद्याच्या तोंडाशी, आतून, पट्ट्या बसल्या,
चाळीस मीटरपर्यंत, राखाडी, भोकाभोकांच्या,
आवाज पिणाऱ्या.
मी पुन्हा तिपाई लावली. सदुसष्ट.
कागदावर यश. साखळ्या गेल्या, हॉर्न बोथटले,
झाडावरचा पक्षी मला पहिल्यांदाच ऐकू आला.
तो काही फार छान गात नव्हता.

बाई दारात उभ्या, ओले हात पुशीत,
समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं की
आपण उभे राहतो तशा.
"माझा वाटा नेलात तुम्ही," म्हणाल्या.
तक्रार नव्हती. हिशेब होता.

मी सांगायला हवं होतं
की पट्ट्या फक्त बारीक, किनरे आवाज पितात;
जाडा, पोटातून येणारा त्यांना पचत नाही,
तो तसाच चढतो वर, दगडातून, पायातून.
अहवालात हे आम्ही शेवटच्या पानावर टाकतो.

सांगावं लागलं नाही.
खालून एक भरलेला ट्रक निघाला, जवळजवळ मुका.
त्या आत गेल्या, काचेवर तळवा टेकला,
जरा थांबल्या,
आणि एक बोट वर केलं.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.
मी दारातूनच मान हलवली.